दुसऱ्या पाळीतला कोन

दुपारी 3:00
कोयनेचा चौथा टप्पा, डोंगराच्या पोटातलं वीजगृह. 250 मेगावॉटचे चार संच. दोन चालू, दोन थांबलेले. ऑक्टोबरचा उकाडा, घाटमाथ्यावर ढग दाटलेत. चार्ज घेताना मी आधी वाहिन्या पाहतो. एक 400 केव्ही सर्किट देखभालीला दिलंय. वीज तेवढीच न्यायची आणि वाट कमी, म्हणजे आज संचांचा पॉवर अँगल (रोटर ग्रिडच्या किती पुढे, तो कोन) नेहमीपेक्षा मोठा राहणार.

5:40
कळव्याच्या लोड डिस्पॅचचा फोन : तिसरा संच घ्या. सिंक्रोस्कोपची सुई संथपणे बाराकडे येते, ब्रेकर लागतो. या क्षणी कोन जवळपास शून्य. मग गाइड व्हेन उघडतात, पाणी रोटरला रेटतं, तो ग्रिडच्या काही अंश पुढे सरकतो आणि ते अंतर राखून त्याच वेगाने फिरत राहतो. जितका पुढे, तितकी वीज जास्त. पण साधारण 90 अंशांच्या आतपर्यंतच. त्यापलीकडे वीज घटते, पाणी मात्र रेटतच राहतं.

7:10
वाहिनीवर वीज पडली. दिवे लुकलुकतात, संचांचा आवाज बदलतो. दोष असेपर्यंत वीज फारशी बाहेर जात नाही, पाणी तेवढंच येतं, रोटर पळू लागतो. गाइड व्हेन बंद व्हायला सेकंद लागतात, इथे हिशेब मिलिसेकंदांचा. रिले आणि ब्रेकरनी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात दोष तोडला, सेकंदाभराने वाहिनी परत जोडली गेली. मेगावॉटचा काटा चार-पाच वेळा झुलला आणि बसला. रिले तपासणाऱ्यांचं काम कुणाला दिसत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

30 जुलै 2012च्या पहाटे तर दोषही नव्हता. बिना-ग्वाल्हेर वाहिनी नुसत्या भारानेच सुटली, पश्चिम आणि उत्तर ग्रिडमधला कोन उघडत गेला, उत्तर भारत अंधारात गेला.

10:15
भार उतरला, व्होल्टेज चढलं. फोन : एमव्हार (रिअॅक्टिव्ह पॉवर) आत घ्या. म्हणजे एक्सायटेशन कमी करायचं. नवा ज्युनियर म्हणतो, ‘‘साहेब, मेगावॉट तर तेवढेच आहेत, मग काळजी कसली?’’ ‘‘अरे, चुंबक दुबळं केलंस. तेवढीच वीज द्यायला रोटरला आणखी पुढे जावं लागणार. आत्ता मघा सात वाजता पडली तशी वीज पडली, तर झुलायला जागा किती उरली?’’ तो संचाच्या क्षमतेच्या आलेखावर बोट ठेवून मर्यादेची रेघ शोधतो. मी एक संच बंद करायची परवानगी मागतो, मिळते.

11:00
पुढच्या पाळीला चार्ज. लॉगबुकात तांबड्या शाईने : सर्किट परत येईपर्यंत लीडमध्ये (एमव्हार आत घेण्यात) याहून खोल जाऊ नये.