अप्रेंटिस म्हणजे फुकटचा हेल्पर नव्हे

"कुण्या ठेकेदाराच्या हाताखाली राहा, वायरिंग आपोआप येतं," हा सल्ला दहावी झालेल्या मुलांना हमखास मिळतो. हात बसतो, हे खरं. पण अशी वर्षं काढूनही मुलाजवळ कागद एकही नसतो. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, वेगळी. तिच्यामागे १९६१चा कायदा आहे: नोंदवलेला लेखी करार, दरमहा विद्यावेतन, ठरलेले तास, आणि कामावर इजा झाली तर भरपाई मालकाकडून. करारच झाला नसेल, तर मालक काहीही म्हणो, तुम्ही अप्रेंटिस नाही.

"जागा ओळखीनेच मिळतात," हे कानावर येतं. पण ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. महावितरण जाहिरात काढते. रेल्वेच्या परळ, माटुंगा कारखान्यांसाठी निवड होते ती दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर.

"आयटीआय झालं, मग उमेदवारीचं आणखी एक वर्ष कशाला?" माझ्या मते खरा इलेक्ट्रिशियन याच वर्षात घडतो. आयटीआयच्या दोन वर्षांत जोडणी शिकता, पण बोर्डावर. कारखान्यात मोटर बंद पडते तेव्हा फेज गेला, ओव्हरलोड रिले पडला की वाइंडिंग जळालं, हे तपासणीची साधनं हातात घेऊन शोधावं लागतं. पुरवठा तोडायचा, स्विचला कुलूप घालायचं, टेस्टरने खात्री करायची, मगच हात लावायचा, ही शिस्त अनुभवी माणसाशेजारी उभं राहूनच अंगात मुरते. वर्ष संपल्यावर अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं.

मग नोकरी पक्की? नाही. कायदा मालकावर तशी सक्ती करत नाही. मात्र इतर सर्व बाबी समान असतील तर थेट भरतीत प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात म्हटलं. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत तर तिच्याच कारखान्यांत शिकलेल्या अप्रेंटिसांसाठी २० टक्के जागा राखीव असतात.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो: प्रमाणपत्र म्हणजेच लायसन. तारतंत्री परवाना वेगळा असतो, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र वेगळं आणि स्वतःच्या नावावर कामं घ्यायला लागणारा विद्युत ठेकेदाराचा परवाना आणखी वेगळा. या परवान्यांसाठी राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे अर्ज करावा लागतो. तिथे अनुभव सिद्ध करायला उमेदवारीचेच कागद कामी येतात, म्हणून करार आणि प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेवा.