छपरापासून नदीपर्यंत

पुण्या-मुंबईच्या बिल्डरांच्या जाहिरातींत हल्ली नदी फार झाली आहे. गॅलरी, गॅलरीत कॉफीचा मग, खाली निळंशार पाणी. प्रत्यक्षात निळ्या पूररेषेच्या अलीकडे भराव टाकून उभ्या केलेल्या भिंतीवरून जे दिसतं, त्याचा रंग आणि वास आपल्याला ठाऊक आहे. संपादकांचं म्हणणं असं पडलं की, नदी राखायची म्हणून वसाहत बांधली, असं कुणी खरोखर केलं असेल तर ते बघून ये. शिकागोला भाचीकडे जाणं होतंच, म्हणून प्रेअरी क्रॉसिंगला गेले. तिथे पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की या वसाहतीतून नदी दिसतच नाही.

डेस प्लेन्स नदी पूर्वेला काही मैलांवर आहे. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात उगम पावून ती इलिनॉयमध्ये उतरते, शिकागोच्या पश्चिमेकडून जाते, पुढे कँककी नदीला मिळते आणि तिथून इलिनॉय नदी सुरू होते. म्हणजे पाणी शेवटी मिसिसिपीत. प्रेअरी क्रॉसिंग आहे शिकागोच्या उत्तरेला सुमारे ४० मैलांवर, लेक काउंटीतल्या ग्रेजलेक गावात. मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या दोन वेगवेगळ्या मार्गांची स्टेशनं वसाहतीतून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अमेरिकेच्या उपनगरात हे नवलच म्हणायचं.

अधिकृत इतिहास माहितीपत्रकात आहे, तो थोडक्यात सांगते. या ६७७ एकर मक्या-सोयाबीनच्या जमिनीवर एका विकासकाला २,४०० घरं बांधायची होती. आसपासच्या जमीनमालकांनी १९८७ मध्ये, गेलर्ड डॉनेली यांच्या पुढाकारानं, एकत्र येऊन जमीनच विकत घेतली. पुढे जॉर्ज आणि व्हिकी रॅनी या दांपत्यानं काम हाती घेतलं आणि २,४०० च्या जागी ३५९ स्वतंत्र घरं आणि ३६ फ्लॅट एवढ्यावर थांबायचं ठरलं. साठ टक्क्यांहून अधिक जमीन कायमची मोकळी, दहा मैलांच्या पायवाटा, शंभर एकरांचं सेंद्रिय शेत, आणि १८८५ सालचं एक लाकडी कोठार, जे दुसरीकडून उचलून इथे आणून सभागृह म्हणून उभं केलं. घरं जुन्या शेतघरांच्या वळणाची, रंगीत, एकमेकांजवळ. त्यांची गॅलरी मात्र पाण्याकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता यावं. हे सगळं छान आहे. पण मी ज्याच्यात अडकले ते दुसरंच होतं: इथल्या पावसाचा रस्ता.

आपल्याकडे छपरावरचं पाणी पाइपातून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. जितक्या लवकर जाईल तितकं बरं, असं आपलं सगळं शहरी अभियांत्रिकी मानतं. इथे उलट. बऱ्याच रस्त्यांना काठाची सिमेंटची पट्टीच नाही, त्यामुळे पाणी अडून जाळीच्या तोंडाकडे धावत नाही. ते बाजूला गवती चरात उतरतं. आपल्या पाणलोटाच्या कामांत डोंगरउतारावर समतल चर खणतात, त्याच घराण्यातला हा चर, फक्त उथळ, रुंद आणि गवतानं भरलेला. चरातून पाणी प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या उंच गवताच्या, माळावर पसरतं. माळ उतरून पाणथळीत जातं. पाणथळीतून तळ्यात. तळ्याला निसर्गलेखक ऑल्डो लिओपोल्ड यांचं नाव दिलं आहे आणि त्यात उन्हाळ्यात मुलं पोहतात. छपरावरचं, अंगणातलं, मोटारीखालचं पाणी शेवटी जिथे जमतं त्याच तळ्यात आपली मुलं सोडायची, ही या व्यवस्थेची परीक्षाच. तळ्यातून जे उरेल ते मग ओढ्यांनी नदीकडे. ही साखळी ॲप्लाइड इकॉलॉजिकल सर्व्हिसेस या संस्थेनं, स्टीव्हन ॲपफेलबाउम यांच्या मार्गदर्शनाखाली आखली.

या साखळीत सगळ्यात जास्त काम करतो तो माळ. लॉनच्या गवताची मुळं काही इंचांवर संपतात. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, कंपास प्लांट यांची मुळं माणसाच्या उंचीच्या खाली जातात, काहींची तर दहा-बारा फुटांपर्यंत. दर वर्षी त्यातली काही मुळं मरतात आणि त्या जागी पोकळी राहते, तिच्यातून पाणी उतरतं. इलिनॉयला अजूनही ‘प्रेअरी राज्य’ म्हणतात, पण मूळ प्रेअरीतला हजारात एक हिस्साही आता शिल्लक नाही. शेतकऱ्यांनी या चिकट काळ्या रानाखाली मातीचे पाइप घालून पाणी उपसून काढलं, आणि मग मका. म्हणजे प्रेअरी क्रॉसिंगमध्ये जी दिसते ती जुनी राखलेली नव्हे, बी पेरून नव्यानं केलेली प्रेअरी. आणि ती आपोआप टिकत नाही. तिला जाळावं लागतं.

मी होते त्या दिवसांत, एप्रिलमध्ये, एका तुकड्याची पाळी आली. हे मी कितीही वेळ बघू शकले असते. पिवळे अग्निरोधक शर्ट आणि हेल्मेट घातलेली माणसं, पाठीवर पाण्याचे पंप, लांब दांड्याला रबराचा जाड तुकडा लावलेली झोडपणी. तुकडीची प्रमुख एक मध्यमवयीन बाई होती. तिच्या हातात वाऱ्याचा वेग आणि हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, आणि ती दर थोड्या वेळानं ते तोंडासमोर धरायची. आधी परवाना, मग अग्निशमन दलाला कळवणं, शेजाऱ्यांना कळवणं, हे सगळं झालेलं. तरी सकाळचा बराच वेळ कुणी काडी लावली नाही. वारा हवा होता तसा नव्हता. एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला हमरस्ता आणि मध्ये घरं. धूर यांतल्या कशावरही जाता कामा नये, म्हणजे वर्षातल्या थोड्याच दिवसांचा वारा चालतो. ती बाई एकदा गवताची काडी मोडून बघायची, एकदा रुळांकडे. मला आमच्या कोकणातल्या जुन्या नावाड्यांची आठवण झाली, तेही असेच उगाच उभे राहिल्यासारखे उभे असत.

मग वारा वळला आणि काम सुरू झालं. पेटतं तेल ठिबकवणाऱ्या डब्यानं त्यांनी आधी वाऱ्याच्या विरुद्ध कडेला एक ओळ लावली. वाऱ्याला तोंड देत जळणारी आग हळू चालते, मागे काळा पट्टा सोडते. आपल्या वनखात्याची माणसं त्याला जाळरेषा म्हणतील. तो पट्टा पुरेसा रुंद झाल्यावर दुसऱ्या टोकाला वाऱ्याच्या बाजूनं आग दिली, आणि ती मात्र धावली. सुकलेलं ब्लूस्टेम माणसापेक्षा उंच ज्वाळा करतं, आणि आवाज असा की बोललेलं ऐकू येऊ नये. काळ्या पट्ट्याला भिडल्यावर ती जागच्या जागी बसली. पाणी मारायची गरज फक्त एका खांबाशी पडली. सगळं मिळून एक तासही गेला नसेल. जिथे मघाशी कमरेएवढं तपकिरी गवत होतं तिथे काळं रान, आणि त्यात उंदरांच्या वाटा उघड्या पडलेल्या.

जाळायचं कशासाठी? प्रेअरीच्या गवताचा कोंभ जमिनीखाली सुरक्षित असतो. झुडपांचा वर असतो. काळी जमीन वसंतात लवकर तापते, गवत उठतं, झुडूप मागे पडतं. आग लावली नाही तर काही वर्षांत बकथॉर्न नावाचं युरोपातून आलेलं झुडूप सगळं गिळतं, त्याच्या सावलीखाली गवत मरतं, माती उघडी पडते आणि पावसाचं पाणी पुन्हा धावू लागतं. म्हणजे काही मैलांवरच्या नदीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून इथे दर काही वर्षांनी वणवा लावायचा. त्यानंतर मला नदी दिसत नसल्याचं काही वाटेनासं झालं.

व्हिकी रॅनी मूळच्या इतिहासकार. उद्यानकार फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड यांच्या कागदपत्रांच्या संपादनात त्यांचा हात आहे आणि १९७२ मध्ये त्यांनी ओम्स्टेड यांच्या शिकागोतल्या कामावर पुस्तक लिहिलं. हे मुद्दाम सांगते, कारण याच नदीच्या खालच्या अंगाला रिव्हरसाइड नावाचं उपनगर आहे, जे ओम्स्टेड आणि त्यांचे भागीदार व्हॉक्स यांनी १८६९ मध्ये आखलं. रस्ते नागमोडी, आणि नदीचा काठ विकायचा नाही, सगळ्यांचा. तिथून खरोखर नदी दिसते, आणि पूर आला की घरातही येते. तिथला हॉफमन बंधारा २०१२ मध्ये काढला, तेव्हा लोकांना हळहळ वाटली. पाण्याचा आवाज गेला. मासे मात्र वर सरकू लागले.

आता अडचणींचं. त्या बऱ्याच आहेत आणि माहितीपत्रकात नाहीत.

पहिली पैशाची. जाळणं, बकथॉर्न तोडणं, पाणथळीतलं रीड कॅनरी गवत काढणं हे दर वर्षाचं काम आहे आणि त्याचा मोठा भार रहिवाशांच्या वर्गणीवर. तोडलेल्या बकथॉर्नच्या बुंध्याला तणनाशक लावावं लागतं, नाहीतर तो दुप्पट फुटतो. नदी राखायला आलेल्या माणसानं तणनाशकाची बाटली हातात धरायची, हे पचायला जड आहे, मलाही गेलं. याशिवाय घर विकलं की किमतीचा अर्धा टक्का पर्यावरणाचं काम करणाऱ्या लिबर्टी प्रेअरी फाउंडेशनला जातो. कल्पना उत्तम, पण २००८ नंतर घरं विकली जाणं मंदावलं तेव्हा अशा निधीचं काय होत असेल हे सांगायला नको. माळ मात्र बाजारभाव बघून वाढत नाही.

दुसरी अडचण माणसांची. वसाहतीच्या दहा मूलतत्त्वांत आर्थिक आणि वांशिक विविधता हे एक आहे. पण मोकळी जमीन, आखीव घरं, आणि खर्च वाटून घ्यायला थोडीच कुटुंबं, म्हणजे घर महाग पडणारच. २,४०० घरं झाली असती तर त्यांतली निदान काही साध्या पगाराच्या माणसाला परवडली असती; ती माणसं आता आणखी दूर राहतात आणि मोटारीनं येतात. पायवाटेवर मला भेटलेल्यांत निवृत्त प्राध्यापक बरेच होते. शेतात काम करणाऱ्यांतलं कुणी इथे राहतं का, असं विचारलं तर उत्तरं गोल गोल आली.

आणि तिसरी मिठाची. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. चर, माळ, पाणथळ ही सगळी साखळी गाळ अडवते, फॉस्फरस बराचसा पकडते. क्लोराइड पकडत नाही. मीठ विरघळतं आणि पाण्याबरोबर जिथे जायचं तिथे जातं. मुळं कितीही खोल असोत. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं, असं तिकडचे पाण्यावर काम करणारे सांगतात. वसाहतीपाशीच सँक्च्युअरी पाँड नावाचं तळं आहे. त्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयमधले दुर्मीळ झालेले मासे सोडले होते, आयोवा डार्टर, ब्लॅकचिन शायनर, ब्लॅकनोज शायनर आणि बँडेड किलीफिश. बोटाएवढे मासे, स्वच्छ पाण्याशिवाय न जगणारे. त्यांच्या बाबतीत मिठाचा हिशेब पुस्तकी राहत नाही.

वसाहतीच्या आतले रस्ते अरुंद आहेत आणि तिथे किती मीठ टाकायचं हे सभेत ठरवता येतं. बाहेरच्या रूट ४५ आणि रूट १२० वर ते ठरवता येत नाही. रूट ५३ हा महामार्ग उत्तरेला ग्रेजलेकपर्यंत वाढवायचा घाट तर कित्येक दशकं चालला होता. त्यासाठी नेमलेल्या सल्लागार समितीचे सहअध्यक्ष स्वतः जॉर्ज रॅनी होते. समितीनं २०१२ मध्ये सुचवलं की करायचाच तर चार पदरी, ताशी ४५ मैलांच्या मर्यादेचा, पाण्याची काळजी घेणारा रस्ता करा. टोलवे खात्यानं २०१९ मध्ये त्याचा पर्यावरणीय अभ्यासच थांबवला, तेव्हा तो रस्ता तूर्त टळला. जुन्या रूट १२० वर मात्र हिवाळ्यात मिठाचे ट्रक येत राहतात. त्या रस्त्याचं पाणी चरात न जाता पाइपातून थेट उतरतं अशा काही जागा तुकडीप्रमुख बाईंनी मला दाखवल्या. त्यांचं काय करायचं, हा विषय त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या सभेत घ्यायचा आहे, बकथॉर्नच्या खर्चानंतर वेळ उरला तर.