सोलचा ग्वांगजांग बाजार : शतकाची पत आणि एका थाळीचा भाव

दक्षिण कोरिया म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर मोटारी, टीव्ही आणि मोबाईल येतात. परंतु या देशाची राजधानी सोल येथे कापड, शिवणकाम, सुकी मासळी आणि गरमागरम खाणे विकणारे जुने बाजार आजही गजबजलेले आहेत. मोठ्या मॉलपुढे हे बाजार टिकले कसे आणि त्यांना खरा धोका कशाचा आहे, हे छोट्या दुकानदाराने आणि कारागिराने जरूर समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

भांडवल एकत्र, दुकाने वेगळी

ग्वांगजांग बाजार १९०५ साली सुरू झाला. कोरियाच्या व्यापारावर जपानची पकड घट्ट होत होती, तो हा काळ. स्थानिक व्यापाऱ्यांनी पैसा गोळा करून स्वतःची कंपनी काढली आणि रोज उघडणारा कायमचा बाजार उभा केला. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी दर पाच दिवसांनी बाजार भरत असे. आपल्याकडे आठवडे बाजार भरतो तसाच. ही पद्धत अजून मोडलेली नाही. सोलजवळच्या सोंगनाम शहरातील मोरान बाजार आजही ४ किंवा ९ ने संपणाऱ्या तारखांना भरतो.

ग्वांगजांग मुळात कापडाचा बाजार. रेशीम, अंथरुणे-पांघरुणे आणि लग्नसमारंभात घालायचा 'हानबोक' हा पारंपरिक पोशाख ही त्याची ओळख. गिऱ्हाईक कापड निवडते, माप देते आणि पोशाख शिवून घेते. कापडवाला आणि शिंपी शेजारी शेजारी असल्याने दोघांचाही धंदा चालतो. सोलच्याच नामदेमुन बाजाराची परंपरा तर १४१४ पर्यंत मागे जाते. तेथे घाऊक व्यापार रात्री चालतो आणि दिवसा किरकोळ विक्री होते.

खाण्याची गल्ली

ग्वांगजांगच्या मधल्या गल्लीत खाण्याचे ठेले आहेत आणि त्यांतील बरेचसे प्रौढ स्त्रिया चालवतात. येथील नामांकित पदार्थ म्हणजे 'बिंदेतोक'. भिजवलेले मूग जात्यावर दळून तव्यावर भरपूर तेलात तळलेले हे जाड धिरडे. जाते गिऱ्हाइकासमोरच फिरत असते. माल डोळ्यांदेखत तयार होतो, ही त्या ठेल्याची सर्वात स्वस्त जाहिरात!

मात्र आपल्या बांधवांनी येथे सावध राहावे. बिंदेतोकमध्ये पुष्कळदा डुकराचे मांस घालतात. 'सुंदे' नावाचा पदार्थ तर डुकराचे आतडे आणि रक्त यांचाच असतो. 'गोचुजांग' या तिखट लाल चटणीत कारखान्यात अल्कोहोल मिसळलेले असू शकते. तेव्हा विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये. सोलच्या इतेवॉन भागात १९७६ साली सुरू झालेली मशीद आहे आणि तिच्या आसपास हलाल खाणावळी व किराणा दुकाने आहेत. व्यापारासाठी जाणाऱ्याने जेवणाची सोय तेथे पाहावी, हे बरे.

सरकारचा आधार

कोरियाच्या सरकारने या बाजारांना वाऱ्यावर सोडलेले नाही. २००९ पासून 'ओन्नुरी' नावाची कुपने निघाली. ती सवलतीत मिळतात आणि पारंपरिक बाजारांत चालतात. २०१२ पासून मोठ्या मार्टना महिन्यातून दोन दिवस सुट्टी आणि रात्री दुकान बंद ठेवण्याचे बंधन आले. तरीही मार्ट बंद असले म्हणजे गिऱ्हाईक बाजारात येतेच असे नाही; ते घरबसल्या ऑनलाइन माल मागवते. कायद्याने स्पर्धकाचे दार बंद करता येते, पण गिऱ्हाइकाला आपल्या दारात आणता येत नाही.

धोका आतूनच

२०२३ च्या नोव्हेंबरात ग्वांगजांगच्या एका ठेल्याची चित्रफीत इंटरनेटवर पसरली. तळलेल्या पदार्थांच्या एका थाळीला १५,००० वोन, म्हणजे आपले सुमारे साडेनऊशे रुपये, घेतले. थाळीत माल थोडासाच, वर आणखी मागवण्याचा आग्रह. देशभर ओरड झाली. व्यापारी संघटनेने तो ठेला दहा दिवस बंद ठेवायला लावला. पुढे शहर प्रशासनाने भावाबरोबर वजन आणि नगही लिहिण्याचा उपाय जाहीर केला.

ठेला एक होता, पण नाव साऱ्या बाजाराचे गेले. ज्यांनी कधी कोणाला फसवले नाही त्यांच्याकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहू लागले. परदेशी पाहुणा पुन्हा थोडाच येणार आहे, त्याच्याकडून दोन पैसे जास्त घेतले तर काय बिघडले, असा हिशोब जो करतो तो शेजाऱ्याचीही पत खर्च करीत असतो.

आमच्या मते आपल्या बाजारपेठांनी येथून तीन गोष्टी उचलाव्यात. संघटना केवळ वर्गणी गोळा करण्यापुरती नसावी. चुकणाऱ्या सभासदाला थांबवण्याची हिंमत तिच्यात असावी. भाव आणि माप दोन्ही पाटीवर लिहावेत. आणि कारागिराने आपले काम गिऱ्हाइकाला दिसेल असे करावे. या तिन्हींसाठी सरकारी मदतीची वाट पाहावी लागत नाही.