पाइनवनातील वृक्षघनता आणि चारा

पाइन वृक्षांच्या वनात जमिनीलगत उगवणारे गवत व इतर चाराऊ वनस्पती यांचे उत्पादन झाडांच्या दाटीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. दाटी वाढली की चारा घटतो, हे गुराख्यासही ठाऊक असते. परंतु ही घट सरळ रेषेत होत नाही. मोकळ्या कुरणात येणारी पहिली थोडी झाडेच चारा झपाट्याने कमी करतात. वन दाट झाल्यावर आणखी झाडे वाढली तरी फारसा फरक पडत नाही, कारण कमी होण्याजोगा चाराच उरलेला नसतो. म्हणूनच दाट वनातून मोजकी झाडे काढल्याने कुरणाला जवळजवळ काहीच लाभ होत नाही.

दाटी केवळ संख्येने मोजणे फसवे ठरते. शंभर रोपे आणि शंभर जुने वृक्ष सारखे नव्हेत. त्यामुळे छातीच्या उंचीवरील खोडांच्या आडव्या छेदांचे क्षेत्रफळ मोजून त्याची हेक्टरी बेरीज घेतात.

कारणे

सावली हे डोळ्यांना दिसणारे कारण होय. कोरड्या प्रदेशात मात्र पाण्यासाठी चाललेली मुळांची स्पर्धा तितकीच महत्त्वाची असते. सावली तशीच ठेवून झाडांची मुळे चर खणून तोडली, तरी खालील वनस्पतींची वाढ सुधारते, असे प्रयोगांत आढळले आहे. शिवाय सुईसारखी पाने सावकाश कुजतात व त्यांच्या थराखाली गवताचे ठोंब गुदमरतात. हिमालयातील चीडवनांत या पाचोळ्याला पिरूल म्हणतात. नवे गवत फुटावे म्हणून गावकरी तो जाळत आले आहेत.

अ‍ॅरिझोनातील उदाहरण

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफजवळ १९०८ साली फोर्ट व्हॅली हे वनसंशोधन क्षेत्र स्थापन झाले. तेथील पाँडेरोसा पाइनचे वन पूर्वी विरळ होते. वारंवार लागणाऱ्या जमिनीलगतच्या आगी गवतावर पसरत आणि रोपे जाळून टाकीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अतिचराईने गवत नाहीसे झाले, पुढे आगीही विझवल्या जाऊ लागल्या. १९१८ साली बियांचे भरघोस पीक आले, १९१९ चा वसंत ओलसर गेला आणि असंख्य रोपे एकदम रुजली. तेथील एका संरक्षित भागात १८७६ च्या सुमारास हेक्टरी सुमारे ६० झाडे होती; १९९२ पर्यंत ती ३,००० च्या आसपास पोहोचली. ज्या गुरांसाठी गवत संपवले, त्यांच्या पुढील पिढ्यांचे कुरणच अशा रीतीने झाडांनी व्यापले.

चाऱ्याच्या टंचाईत गुरे पाइनची पाने खातात. पाँडेरोसाच्या पानांतील एका आम्लामुळे गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांतील गाई गाभडतात. दाट वनातील आगही आता शेंड्यापर्यंत चढते. २००२ मधील रोडिओ-चेडिस्काय वणव्यात सुमारे १ लाख ८९ हजार हेक्टर क्षेत्र होरपळले.

१९९० च्या दशकापासून तेथे मोठी विरळणी करून नियंत्रित आग लावण्याचे प्रयोग झाले. गवत परतले, परंतु अवर्षणाच्या वर्षी विरळ वनातही चारा घटतो. तोडलेल्या फांद्यांचे ढीग जिथे जाळले जातात, तिथे गवताऐवजी बहुधा परकीय तणच आधी उगवते.