नऊपैकी नऊ जिंकले, तरी घरीच बसले!

समजा, सीझनभर तुमची टीम एकही मॅच हरलेली नाही. आता शेवटच्या मोठ्या मॅचचं बोलावणं येणार, अशी कॅम्पसवर चर्चा आहे. आणि निरोप येतो, ‘या, पण तुमच्यातल्या दोघांना घरी ठेवून या.’ काय कराल?

१९५१ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’च्या अमेरिकन फुटबॉल टीमसमोर नेमका हाच प्रश्न होता. त्यांनी जे उत्तर दिलं, त्याची किंमतही मोजली. म्हणून तर सत्तर वर्षं उलटून गेली तरी ‘डॉन्स’ नावाच्या या टीमची गोष्ट सांगितली जाते.

युद्धावरून थेट वर्गात

दुसरं महायुद्ध संपून तेव्हा सहा वर्षं झाली होती. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलत होतं, त्यामुळे अमेरिकन कॉलेजांत वयाने मोठी, जग बघून आलेली मुलं दिसायची. डॉन्सचा जिनो मार्केटी त्यातलाच एक. कॉलेजात येण्याआधी तो युरोपात लढून आला होता. त्याच्या जोडीला सहा फूट नऊ इंचांचा बॉब सेंट क्लेअर. बॉल घेऊन सुसाट पळणारा ऑली मॅटसन. आणि बचावात भिंतीसारखा उभा राहणारा बर्ल टोलर. शेवटचे दोघं कृष्णवर्णीय. टोलर मूळचा मेम्फिसचा. तिथे बसपासून शाळेपर्यंत सगळीकडे काळ्या-गोऱ्यांसाठी वेगवेगळी सोय असायची.

जेझुइट धर्मगुरूंचं हे कॉलेज छोटं होतं. पैसा बेताचा. टीमच्या घरच्या मॅचेस व्हायच्या त्या शहराच्या केझार स्टेडियमवर. पण दोन माणसं भन्नाट होती. एक कोच जो कुहारिच, कडक शिस्तीचा. दुसरा पीट रोझेल, टीमच्या बातम्या पेपरांपर्यंत पोहोचवणारा पंचविशीतला पोरगा.

तो सीझन

सॅन होजे स्टेटला त्यांनी एकदा नाही, दोनदा हरवलं. सैन्यतळांच्या टीम्सनाही हरवलं. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ असं नमवलं. त्या मॅचमध्ये समोरच्यांनी किक मारलेला बॉल पकडून मॅटसन जवळजवळ अख्खं मैदान पळाला आणि टचडाउन केला. तेही दोनदा! पुढे पॅसिफिकला ४७-१४ आणि शेवटी पॅसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये लोयोलाला २०-२. नऊ मॅचेस, नऊ विजय.

त्या सीझनला बॉल घेऊन पळत मॅटसनने १५६६ यार्ड पार केले. देशात सगळ्यात जास्त. २१ टचडाउन केले. तरी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो बराच मागे राहिला.

बोलावणं आणि अट

कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा सेमीफायनल-फायनल असला प्रकार नव्हता. सीझन संपला की ‘बाउल’ मॅचेस व्हायच्या आणि आयोजक आपल्याला हव्या त्या टीम्सना बोलवायचे. बोलावणं म्हणजे मान, आणि कॉलेजच्या तिजोरीत पैसा. सगळ्यात प्रतिष्ठेचा रोझ बाउल मोठ्या कॉन्फरन्सेसच्या विजेत्यांसाठी राखीव. म्हणजे डॉन्सच्या आशा होत्या त्या ऑरेंज, शुगर, गेटर अशा दक्षिणेतल्या बाउल्सवर. आणि दक्षिणेत तेव्हा वर्णभेद हा थेट कायदा होता.

खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितलेली गोष्ट अशी. निरोप आला की टोलर आणि मॅटसनला सोडून येत असाल तर बोलावणं मिळू शकतं. टीमने नाही म्हटलं. त्यावर मतदान-बितदान झालं नाही, विचार करायला कुणी वेळही मागून घेतला नाही. सगळे जातील, नाहीतर कुणीच नाही. विषय संपला.

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. डॉन्सचे प्रतिस्पर्धी फारसे तगडे नव्हते, म्हणून बोलावणं आलं नाही, असंही म्हटलं गेलं. असोसिएटेड प्रेसच्या यादीत त्यांचा नंबर चौदावा होता, हेही खरं. पण कारण म्हणून वेळापत्रक पुढे केलं, तरी अट ऐकल्यावर टीमने काय केलं ते बदलत नाही.

मग बक्षीस काय मिळालं?

सिनेमा असता तर इथे कुणीतरी मोठ्या मनाचा आयोजक आला असता. प्रत्यक्षात तसं काही घडलं नाही. फुटबॉलचा खर्च कॉलेजला झेपत नव्हता आणि बाउलचा पैसा आला नाही. त्या सीझननंतर कॉलेजने मोठ्या पातळीवरचं फुटबॉल बंदच करून टाकलं. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने त्याआधीच तसं केलं होतं आणि वर्षभराने सँटा क्लाराही त्याच वाटेने गेलं. छोट्या कॉलेजांना हा खेळ परवडेनासा झाला होता.

म्हणजे या मुलांनी मॅच सोडली आणि वर टीमही गेली.

खेळाडू मात्र संपले नाहीत. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेमध्ये सिल्व्हर मिळवलं. पुढे १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅटसनसाठी नऊ जणांचा सौदा केला. मार्केटी, मॅटसन आणि सेंट क्लेअर तिघंही प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. रोझेल १९६० मध्ये एनएफएलचा कमिशनर झाला. आज जगभर बघितला जाणारा ‘सुपर बाउल’ त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाला.

आणि टोलर? १९५२ मध्ये गुडघा गेला, प्रो खेळायचं स्वप्न तिथेच संपलं. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मग प्रिन्सिपल. पण मैदान त्याने सोडलं नाही. १९६५ मध्ये तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच बनला.

टीमला तिचा मान मिळायला २००६ उजाडावं लागलं. त्या वर्षी कॉलेजने हयात असलेल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. तोवर ही पोरं सत्तरी पार करून गेली होती.

त्याआधी, जानेवारी १९८० मध्ये मात्र एक गोष्ट घडली होती. सुपर बाउलमध्ये पंच म्हणून उभा राहणारा टोलर हा पहिला कृष्णवर्णीय ठरला. मॅच होती पॅसाडेनाला, रोझ बाउल स्टेडियममध्ये. डॉन्स आपली शेवटची मॅच जिंकले होते, तेच मैदान. या वेळी त्याला घरी ठेवून या, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.