अपघात नेमका कुठे झाला?

जून 2022 मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर, लोणी ते माना, एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला. गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतोच. फाटे मात्र जागच्या जागी आहेत आणि सोयाबीनची ट्रॉली घेऊन निघालेला कास्तकार तिथूनच रस्त्यावर चढतो.

आपल्या रस्ते-मानकांनुसार ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी थांबायला 60 मीटर लागतात, 100 च्या वेगात 180. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून असे होते. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली डिपरच्या उजेडात इतक्या लांबून दिसतच नाही.

असा फाटा सरकारदरबारी ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू लागतात. आता याच महामार्गावरच्या अपघाताच्या फिर्यादीत नुसते ‘बोरगाव मंजूजवळ’ लिहिले, तर कोणता फाटा समजायचा? दोन फाट्यांमध्ये आकडा विभागला गेला की दोन्ही यादीबाहेर. आयआयटी मद्रासच्या मदतीने उभी राहिलेली ‘आयरॅड’ प्रणाली इथेच कामाची आहे. पोलीस घटनास्थळी मोबाइलवर वाहने, उजेड, रस्त्याची स्थिती भरतात आणि जीपीएसवर जागा नोंदवतात. महाराष्ट्र तिच्या पहिल्या सहा राज्यांत होता. ही नोंद जागेवर उभे राहूनच व्हायला हवी. ठाण्यात परतून आठवणीवरून भरली तर तिची किंमत शून्य.

पण ब्लॅक स्पॉट ठरवणारा 5 हा आकडा निष्कर्षासाठी फार लहान आहे. एखाद्या चौकात योगायोगानेही 5 अपघात होतात, पुढल्या 3 वर्षांत ते आपसूक घटतात आणि श्रेय गतिरोधकाला जाते. उलट, खरोखर धोक्याचा चौक 4 वर अडकून राहतो. पाचव्याची वाट पाहणे मला अमानुष वाटते.

धडकेची वाट न पाहताही धोका मोजता येतो. 1967 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पर्किन्स आणि हॅरिस यांनी चौकात उभे राहून थोडक्यात टळलेल्या धडका मोजल्या: अचानक पेटलेले ब्रेकलाइट, ऐनवेळी वळवलेली गाडी. अमरावतीत कठोरा नाक्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना हे सहज जमेल. पहिली मोजणी सोयाबीन-कापूस बाजारात येतो त्या दिवसांत, दिवेलागणीला करावी. ट्रॉल्या आणि ट्रक तेव्हाच एका फाट्यावर येतात.