बिबट्याची बदली

बाभुळगावच्या नावातच झाड आहे; काटेरी, पण परोपकारी. शेंगा शेळ्यांना, डिंक माणसांना, विहिरीवर झुकलेल्या फांद्या सुगरणीला. विदर्भातल्या अशा तालुक्याच्या गावांभोवती आता वेडी बाभूळच माजलेली दिसते. तिच्या जाळीत दिवसा रानडुकरे पडून असतात आणि रात्री तुरीत उतरतात. उकिरड्यावर मात्र राज्य कुत्र्यांचे.

हे कुत्रे इतके माजले कसे? पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडे बघता बघता त्याचा सांगाडा करीत. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. दुखणाईत ढोरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घालीत होते. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली खरी, पण तोवर पंगतीला कुत्रे बसले होते.

बँकेतल्या नोकरीने एक गोष्ट शिकवली. साहेबाची बदली होते, खुर्ची रिकामी राहत नाही. नवा साहेब गावाला अनोळखी. पहिले सहा महिने तोही बिचकतो आणि कर्जदारही. जुन्नर परिसरातल्या उसात राहणाऱ्या बिबट्यांच्या या शतकाच्या आरंभी अशाच बदल्या झाल्या. वर्षभरात २९ बिबटे धरून दुसरीकडच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते चौपटीवर गेले आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले!

मुंबईतही तेच. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचे, भोवती माणसांचा समुद्र. २००४ मध्ये तिथे बिबट्यांनी डझनाहून अधिक माणसे मारली. पुढे २०११ पासून वन खात्याने स्वयंसेवकांना आणि पत्रकारांना हाताशी धरून वेगळीच भाषा सुरू केली : कचरा उचला, दिवे लावा, अंधारात पोराला एकटे बाहेर पाठवू नका. २०१५ च्या पाहणीत तिथे ३५ बिबटे मोजले गेले. एवढे बिबटे शेजारी असूनही २००४ ची पुनरावृत्ती झाली नाही. हल्ले संपले असेही नाही. २०२१ मध्ये आरे वसाहतीने ते पुन्हा पाहिले. २०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की हे बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्रे खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे टळतात.

म्हणून बिबट्याला आवतण द्या, असे यवतमाळ जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. १३ बळींचा ठपका असलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात मारली गेली, तेव्हा शहरांत निषेध झाले आणि इथल्या गावांत फटाके फुटले. पहाटे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची भीती ज्याने पाहिली आहे, तो त्या फटाक्यांना हसणार नाही.

पण पिंजऱ्याची मागणी करण्याआधी बाभुळगावच्या नगरपंचायतीला एक साधी नोंद मागता येईल. कोंबडीच्या दुकानांतली रोजची घाण किती किलो, ती कोणत्या गाडीत चढते आणि रात्री कुठे रिकामी होते? कुत्रे तिथेच जमतात. बिबट्या आलाच, तर त्यांच्या मागावर तिथेच येईल.